अक्कांनी सोडलेली फाइल

शोकसभेत माणसं खोटं बोलतात. वाईट हेतूनं नाही, सवयीनं. आमच्या वकील संघाच्या आजवरच्या शोकसभांमध्ये गेलेला प्रत्येक वकील निर्व्यसनी, मनमिळाऊ आणि गोरगरिबांचा आधार निघालेला आहे. त्यामुळे तायडे अक्का गेल्या तेव्हा जळगावच्या बार रूममध्ये मी मागच्या रांगेत घड्याळाकडे बघत उभा होतो. अध्यक्ष म्हणाले, "छत्तीस वर्षांच्या वकिलीत अक्कांनी एकही वकीलपत्र मागं घेतलं नाही. हातात घेतलेली केस कधी सोडली नाही." मग दोन मिनिटं मौन झालं. त्या मौनात माझ्या तोंडून निघून गेलं, "एक सोडली होती." शेजारच्या वकीलबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की उरलेला वेळ मी बुटांकडे बघत काढला.

पण सोडली होती, आणि ती फाइल माझ्याकडे आली होती. अक्का मला आठवतात त्या याच फाइलमुळे. खटला आता संपला आहे, त्यातलं सगळं कोर्टाच्या कागदांवर उघड आहे, तरी माणसांची नावं मी बदलली आहेत. अक्का असत्या तर त्यांनी गावंही बदलायला लावली असती.

अक्का म्हणजे ॲडव्होकेट कुसुम तायडे, मूळच्या धरणगावच्या. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. राहायला पिंप्राळ्यात, रविवारी सकाळी विहारात आणि बाकीचे दिवस कोर्टात. स्कूटर इतकी हळू चालवायच्या की मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून दमायचे आणि शेवटी "चालू द्या अक्का" म्हणत बाजूनं निघून जायचे. उंचीनं एवढ्याशा. उभ्या राहून बोलायला लागल्या की टेबलावरच्या फायलींच्या ढिगामागून नुसता आवाज यायचा. डब्यात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा असायचा, आणि तो त्या कुणालाही देत नसत. "मला भूक लागते," एवढंच स्पष्टीकरण. कोर्टासमोर त्यांची मराठी धुतलेल्या तांदळासारखी स्वच्छ. पक्षकार टेबलाशी येऊन बसला की तीच बाई अस्सल खानदेशी बोलायची.

कामं त्या एकाच जातीची करायच्या: वारस दाखले, वाटपाचे दावे, मृत्युपत्रं. माणूस गेल्यावर मागे जे राहतं, ते. बार रूममधले टवाळ म्हणायचे, "अक्कांचे निम्मे पक्षकार मेहरूणच्या स्मशानात भेटतात." त्या टवाळांत मी होतो, हे इथंच सांगून टाकतो. त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं. पंधरा वर्षं मी त्यांचं काम शेजारून पाहिलं, आणि शिकायला हवं होतं तेवढं शिकलो नाही.

नवा पक्षकार आला की त्या आधी कागदपत्रं बघायच्या नाहीत. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून घ्यायच्या, पेन्सिल काढायच्या आणि म्हणायच्या, "सांग भाऊ, घरमा कोनकोन शे?" तो सांगत जायचा, त्या वंशावळ काढत जायच्या. आजा, त्याची पोरं, पोरांची पोरं. तो थांबला की विचारायच्या, "आखो कोन शे?" आणखी कोण? तो म्हणायचा, "बठ्ठा इतलाच." सगळे एवढेच. त्या पुन्हा विचारायच्या, "आखो कोन?" मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळेला पक्षकार चिडायचा किंवा गप्प व्हायचा, आणि त्या गप्प होण्यातून माणसं बाहेर यायची. सुरतेला निघून गेलेला काका यायचा. पहिल्या बायकोची मुलगी यायची. एकदा तर एका सद्गृहस्थाला तिसऱ्या प्रश्नाला स्वतःचा सख्खा भाऊ आठवला होता. आम्ही चहा पिता पिता ऐकायचो आणि हसायचो.

फक्त मेलेल्या माणसाच्या बाबतीत त्या दुसऱ्यांदा विचारत नसत. कुणी म्हणालं की अमका वारला, तर पेन्सिल खाली ठेवायच्या, घटकाभर थांबायच्या, मग नावापुढे बारीक अक्षरात 'मयत' लिहायच्या आणि पुढच्या नावाकडे जायच्या. त्यांची धाकटी बहीण बाळंतपणात गेली होती. तिच्या मृत्यूची नोंद करायला वडील कचेरीत गेले तेव्हा तिथल्या माणसानं तीन वेळा विचारलं होतं, "मेली ना? नक्की मेली ना?" हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. "घरच्या माणसाच्या तोंडून ते दोनदा वदवायचं नसतं रे," त्या म्हणाल्या. छत्तीस वर्षांत त्यांच्या कामात जी एकच मोठी चूक झाली, ती या चांगुलपणातून झाली.

वकीलपत्र सोडण्याबद्दल त्यांचं मत ठाम होतं. एका पक्षकारानं कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभं राहून चारचौघांत सांगितलं, की तायडे बाई समोरच्या पार्टीला मिळाली. आम्ही सगळे तापलो. मी म्हणालो, "अक्का, आजच्या आज फाइल फेका त्याच्या अंगावर."

"मला त्यानं काही सांगितलंय का?"

"अहो, अख्ख्या कोर्टाला सांगितलंय!"

"चहावाल्याला सांगितलंय. मला येऊन म्हणू दे की भरवसा नाही, त्याच मिनिटाला सही करून देते. तुला राग आला, मलाही आला. पण राग हे काही कारण होत नाही, दिनेश. वकीलपत्र घ्यायला एक सही पुरते. सोडायचं तर कारण पुरेसं लागतं, पक्षकाराला वेळेवर सांगावं लागतं, आणि कोर्टाची परवानगी लागते. सुईण अर्ध्यातून उठत नसते."

त्या माणसाचा दावा त्यांनी आणखी चार वर्षं चालवला आणि जिंकून दिला. त्यानं पेढे आणले. अक्कांनी एक पेढा खाल्ला आणि पुडा त्याच चहावाल्याकडे पाठवून दिला.

दुसरी आठवण सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पावरा आदिवासी म्हाताऱ्याची. पावसाच्या भरवशावरची तीन एकर जमीन, तीही भावकीनं अडवलेली. म्हातारा दर तारखेला पायी आणि जीपनं यायचा, अक्कांच्या टेबलाजवळ जमिनीवर बसायचा आणि एक अक्षर बोलायचा नाही. एका तारखेला तो आला नाही. पुकारा झाला. अक्का उठल्या, पण रोजच्या जागेवर गेल्या नाहीत, एक पाऊल मागे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "साहेब, माझे पक्षकार मंगळवारी वारले. त्यांच्याबरोबर माझं वकीलपत्रही संपलं. मला बोलायचा अधिकार नाही, फक्त कळवायला उभी आहे." समोरचा वकील लगेच म्हणाला, मग दावा निकाली काढा. ज्या माणसासाठी अक्का सहा वर्षं भांडल्या, त्याच्यासाठी त्या दिवशी त्यांनी एक वाक्य बोलू नये, हे मला बघवत नव्हतं. साहेबांनी वारसांना वेळ दिला. पंधरा दिवसांनी म्हाताऱ्याच्या दोन्ही मुली आणि मुलगा आले. अक्कांनी नव्या वकीलपत्रावर तिघांचे अंगठे घेतले आणि मग नेहमीच्या जागेवर जाऊन अशा कडाडल्या की समोरच्या वकिलानं तारीख मागून घेतली.

आता ती फाइल.

एकनाथ आबा नावाचे गृहस्थ वारले. पिंप्राळ्यात घर आणि शेजारी रिकामा प्लॉट, धरणगावच्या बाजूला थोडी कपाशीची जमीन. मुलगे दोन, जगन्नाथ आणि प्रल्हाद, आणि त्यांचं एकमेकांशी पटेना. थोरले जगन्नाथभाऊ अक्कांकडे आले. मी शेजारीच होतो. कॅलेंडरचं पान उलटं झालं, पेन्सिल निघाली.

"आखो कोन शे, भाऊ?"

"एक बहीन व्हती. वनिता."

"व्हती?"

जगन्नाथभाऊंनी उपरण्यानं डोळे पुसले. "मरी गयी अक्का. वीस-बावीस वरीस व्हयनात. तिना नावनी आंघोय बी व्हई गयी."

अक्कांनी पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी वनिताच्या नावापुढे 'मयत' लिहिलं, आणि ते वंशावळीतून वादपत्रात गेलं, खाली अक्कांच्या सहीसकट. धाकट्या प्रल्हादनं उत्तर दाखल केलं. घर कुणी बांधलं, विहीर कुणी खोदली, आबांना शेवटी कुणी सांभाळलं, या प्रत्येक गोष्टीत तो भावाच्या विरुद्ध होता. बहीण मयत आहे, एवढं मात्र त्यानं मान्य केलं. दोन्ही बाजूंना कबूल म्हटल्यावर दाखला कोण मागतो? दोन भाऊ जगात एकाच गोष्टीवर सहमत होते आणि ती गोष्ट खोटी होती.

वनिता जिवंत होती. पिंपळनेरला शाळेत शिकवत होती. बाविसाव्या वर्षी तिनं जातीबाहेर लग्न केलं, अक्कांच्या समाजातल्या एका मास्तराशी. तेव्हा एकनाथ आबांनी दोन्ही मुलांना घेऊन गिरणा नदीवर जाऊन तिच्या नावानं आंघोळ केली होती. मेलेल्याच्या नावानं आंघोळ करतात हे सगळ्यांना माहीत असतं. जिवंत माणसाच्या नावानंही करतात, हेही आपण ऐकलेलं असतं, पण समोर कुणी डोळे पुसत असताना ते आठवत नाही. जगन्नाथभाऊ खोटं रडले असंही मी म्हणणार नाही. बहुधा ते खरंच रडले होते.

दावा दाखल होऊन वर्ष होत आलं असताना अक्का नात्यातल्या एका लग्नाला पिंपळनेरला गेल्या. तिथं कुणीतरी पंगतीत वाढणाऱ्या बाईंची ओळख करून दिली: ह्या मास्तरीणबाई, माहेर जळगावचं, पिंप्राळ्याच्या एकनाथ आबांची मुलगी. बाई वाढत पुढे गेल्या. अक्का पान तसंच ठेवून उठल्या आणि मिळेल त्या गाडीनं परत आल्या. हे मला फार उशिरा कळलं, तेही अक्कांकडून नाही. जगन्नाथभाऊंनीच सांगितलं, अगदी सहज, स्वतःचा काही दोष नाही अशा सुरात. अक्कांनी त्यांना बोलावून घेतलं. म्हणाल्या, वादपत्र दुरुस्त करू, वनिताचं नाव घालू, चूक माझी म्हणून मीच अर्जात लिहिते. जगन्नाथभाऊंनी हात जोडले.

"अक्का, राग नका मानू. ती तुमना समाजमा गयी. बापनी गिरणावर जाईसन आंघोय करी टाकी. आते तिले जित्ती कशी करानी?"

अक्का म्हणाल्या, "जगन्नाथभाऊ, कायदाले आंघोय समजस नही."

त्या शब्दांचा अक्कांना राग आला असणार. आला नसता तरच नवल. पण राग हे कारण होत नाही, असं म्हणणारी ती बाई होती. त्यांनी त्यांना महिनाभराचा वेळ दिला, रजिस्टर पोस्टानं लेखी कळवलं की दुरुस्ती होणार नसेल तर मी या कामात राहू शकत नाही. उत्तर आलं नाही. मधे एक तारीख होती. त्या तारखेलाही त्या उभ्या राहिल्या, भाऊंच्या विरुद्ध काही हुकूम होऊ दिला नाही. आणि मग अर्ज दिला.

आमच्याकडे वकील केस सोडतो तेव्हा एक ठरलेला कागद देतो, 'सूचना नाहीत'ची पुरसीस. पक्षकाराकडून मला सूचना मिळत नाहीत, सबब मी कामातून निवृत्त होतो. पक्षकार रोज फोन करत असला तरी हेच लिहायचं. सगळे लिहितात, मीही लिहिली आहे, त्यात कुणाला काही वाटत नाही. त्या दिवशी मी दुसऱ्या कामासाठी त्याच कोर्टात बसलो होतो. साहेबांनी अक्कांचा कागद दोनदा वाचला.

"मॅडम, यात 'सूचना नाहीत' असं लिहिलेलं नाही."

"नाही साहेब. सूचना आहेत."

बाकांवर हशा पिकला. मीही हसलो.

"सूचना आहेत, मग अडचण काय?"

"तीच आहे, साहेब."

"कारण सांगावं लागेल तुम्हाला."

"पुरेसं आहे, एवढंच सांगू शकते. त्याच्यापुढं मला बोलता येणार नाही."

"ते पुरेसं आहे की नाही हे कोर्टानं ठरवायचं असतं."

"म्हणूनच परवानगी मागतेय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मागतेय."

हशा थांबला. साहेब परवानगीचा हुकूम लिहू लागले. अक्का म्हणाल्या, "एक विनंती. पक्षकाराला दुसरा वकील लावायला महिना मिळावा. तोपर्यंत त्यांच्याविरुद्ध काही होऊ नये." ज्याच्याशी बिनसलं त्याच्यासाठी एवढं मागून त्या बाहेर आल्या. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

जगन्नाथभाऊ उठून शेजारच्या टेबलावर आले. म्हणजे माझ्या. मला आनंद झाला, लपवत नाही. जुन्या वकिलाची ना हरकत लागते म्हणून मी नवं वकीलपत्र अक्कांसमोर धरलं. त्यांनी सही केली, फाइल दिली. प्रत्येक कागदाला नंबर, प्रत्येक तारखेची नोंद.

"का सोडली अक्का?"

"ते विचारू नको. टेबलाशी बसून पक्षकार बोलतो ते टेबलाशीच राहतं." मग म्हणाल्या, "मी लिहिलेलं वाचू नको, दिनेश. कोणाचीही फाइल घेतलीस तर हेच करावं. त्याला समोर बसव आणि वंशावळ तू नव्यानं काढ."

मी हो हो म्हटलं. केलं नाही. अक्कांनी काढलेली वंशावळ पुन्हा काढायची म्हणजे आईनं निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायचे. अख्ख्या कोर्टाचा हाच समज होता. त्यांनी लिहिलेलं कुणी तपासत नसे, साहेबही नाही. इतकी वर्षं जपलेलं त्यांचं नाव आता एका खोट्या शब्दाला टेकू देऊन उभं होतं. त्यांना ते दिसत होतं आणि त्यांचं तोंड बांधलेलं होतं. दीड वर्ष त्या माझ्या शेजारी बसून हे सोसत होत्या, आणि मी त्यांना विचारायचो, "अक्का, आज ठेचा तिखट दिसतोय?"

शेवटी भावाभावांत तडजोड ठरली. घर एकाला, प्लॉट आणि जमीन दुसऱ्याला. मी तडजोडीचा कागद साहेबांसमोर ठेवला. साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "सगळे हयात वारस यात आले आहेत?"

"होय साहेब," मी म्हणालो.

मागे खुर्ची सरकली. अक्का मागच्या बाकावर होत्या, माझ्यानंतर लगेच त्यांचा नंबर होता. त्या उठल्या, कोर्टाला नमस्कार केला आणि बाहेर निघून गेल्या. नंबर आलेला असताना अक्का कोर्टातून बाहेर गेल्या, हे मी कधी पाहिलं नव्हतं. 'वंशावळ तू नव्यानं काढ' हे त्यांचं बोलणं आठवलं, आणि त्या वंशावळीतला 'मयत' हा एकच शब्द. मी म्हणालो, "साहेब, दहा मिनिटं द्या."

व्हरांड्यात मी जगन्नाथभाऊंना विचारलं, "वनिताबाईंच्या मृत्यूचा दाखला आहे का?"

"दाखला कसाना? आंघोय करी टाकी तिना नावनी."

"मेली का ती?"

"आमले मरेलच शे ना."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पिंपळनेर, मास्तर, गिरणा, अक्का, सगळं. मी त्यांच्यावर ओरडलो, इतका की पट्टेवाला बाहेर आला. त्यातला निम्मा आवाज माझ्या स्वतःवरचा होता. 'होय साहेब' म्हणून मी मोकळा झालो होतो, आणि अक्का उठल्या नसत्या तर आयुष्यभर मोकळाच राहिलो असतो.

मी ती तडजोड परत घेतली आणि भाऊंना सांगितलं, नाव घाला, नाहीतर मीही निघालो. ते आणखी दोघांकडे जाऊन आले. पण अक्कांनी सोडलेली फाइल म्हटल्यावर कुणी हात लावेना. शेवटी धाकटा प्रल्हाद आधी वाकला. उद्या ती उभी राहिली तर तुमचा हुकूमनामा रद्दीत जाईल, प्लॉट कुणी विकत घेणार नाही, हे त्याला पटलं. दोघे भाऊ बदलले ते भीतीनं. प्रेमाचा तिथं काही संबंध नव्हता. दुरुस्तीचा अर्ज मंजूर झाला. मूळ वादपत्रावर लाल शाईनं 'मयत' हा शब्द मी माझ्या हातानं खोडला, आणि वनिताबाईंच्या नावे पिंपळनेरला नोटीस निघाली.

त्या दिवशी बाहेर का गेलात, असं मी अक्कांना विचारलं होतं. "पाणी प्यायचं होतं," त्या म्हणाल्या. त्यांची बाटली टेबलावर भरलेली होती.

त्यानंतर लवकरच उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि सुट्टीनंतर अक्का कोर्टात आल्याच नाहीत. श्वास पुरत नव्हता म्हणे. त्यामुळे माझ्याकडे त्यांचं शेवटचं दर्शन उरलं आहे ते वनिताबाईंच्या पहिल्या तारखेचं.

सकाळी अकरा. वनिताबाई धुळ्याला गाडी बदलून एकट्याच आल्या होत्या, हातात नोटीस आणि तिच्यासोबतची वादपत्राची नक्कल. अक्का व्हरांड्यातल्या बाकावर आपल्या कामाची वाट बघत बसलेल्या. पिंपळनेरच्या पंगतीतली ती म्हातारी बाई वनिताबाईंच्या लक्षात नव्हती. त्या सरळ माझ्याकडे आल्या आणि लाल रेघेखालच्या शब्दावर बोट ठेवलं.

"घरी मी नव्हते. पाकीट माझ्या मुलीनं फोडलं. आईच्या नावापुढं काय लिहिलंय ते तिनं आधी वाचलं. भावांचं मला माहीत आहे. पण शिकलेल्या माणसानं हे कसं लिहिलं? कोण वकील आहे तो? मला बघायचाय."

मी काही बोलायच्या आत अक्का बाकावरून उठल्या. उठायला वेळ लागला त्यांना.

"मी लिहिलं. खाली सही माझी आहे."

वनिताबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. पांढरे केस, विटलेला काळा कोट. आता शाळेतली भाषा त्यांच्या तोंडून गेली.

"तुम्ही बाईमानूस! एकदाव इचारानं तरी व्हतं, हाई जित्ती शे का मरेल शे!"

"हो. विचारायला हवं होतं."

मला राहवेना. "ताई, अहो ह्यांनीच तर तुमच्यासाठी—"

"दिनेश." अक्कांनी माझ्याकडे न बघता म्हटलं. त्यांच्याकडे सांगण्यासारखं किती होतं! भाऊंना पाठवलेल्या रजिस्टर पत्राची पोचपावती होती, कोर्टातला तो अर्ज होता, डबा न उघडलेली ती दुपार होती. त्यांनी त्यातलं काही वर काढलं नाही. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, आणि तेही कोर्टातल्या भाषेत नाही:

"चुकनू मी, बाई."

वनिताबाईंनी त्या शब्दावरचं बोट काढून घेतलं. त्यांनी क्षमा केली असं मला वाटलं नाही, आणि तशी अक्कांची अपेक्षाही दिसली नाही. तेवढ्यात पट्टेवाल्यानं दारातून पुकारा दिला. वनिताबाईंचं नाव त्यानं तीनदा घेतलं, खड्या आवाजात. त्या दचकल्या. मग नक्कल छातीशी धरून आत गेल्या, आणि त्यांच्या मागून मी.

अक्का आत आल्या नाहीत. त्या कामात त्यांचं आता काही नव्हतं. साहेबांनी नाव विचारलं. वनिताबाईंनी सांगितलं ते कुणालाच नीट ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं सांगा."

तेव्हा त्यांनी आपलं माहेरचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. शाळेत हजेरी घेणाऱ्या बाईचा आवाज तो, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला. दोघे भाऊ खाली मान घालून उभे होते. मी वळून दाराकडे पाहिलं. चौकटीच्या बाहेर अक्का भिंतीला हात टेकून उभ्या होत्या, आणि डोळे मिटून ऐकत होत्या.